कोरियाची ‘ट्रस्टीशिप’: विश्वस्त राजवट की पालकत्व?

१९४५ नंतरच्या कोरियावर लिहिताना ‘ट्रस्टीशिप’साठी, म्हणजे बड्या सत्तांनी काही काळ त्या देशाचा कारभार आपल्या देखरेखीखाली ठेवण्याच्या योजनेसाठी, ‘विश्वस्तता’ हा शब्द योजावा की ‘पालकत्व’, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते दोन्ही अर्थ लागतात, परंतु ते एकमेकांच्या जागी वापरता येणार नाहीत. कारण खुद्द कोरियातही या दोन छटांसाठी दोन शब्द होते आणि कोण कोणता शब्द वापरतो यावरून त्याचा पक्ष कळत असे.

डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी केलेल्या करारात कोरियात हंगामी लोकशाही सरकार उभारावे, त्यासाठी उत्तरेतील सोव्हिएत व दक्षिणेतील अमेरिकी लष्करी प्रशासनांचा संयुक्त आयोग नेमावा आणि चीनसह चार सत्तांची ट्रस्टीशिप जास्तीत जास्त पाच वर्षे असावी, असे ठरले. रशियन पाठात या जागी ‘ओपेका’ हा शब्द होता. ओपेका म्हणजे अज्ञान मुलाचे पालकत्व. आपल्या सातबाऱ्यावर अज्ञान वारसासाठी ‘अ.पा.क.’ म्हणून पालनकर्त्याचे नाव लागते, पण जमीन वारसाचीच राहते, तसा काहीसा त्याचा भाव आहे.

कोरियात मात्र ‘सिन्ताक तोंगची’ हा शब्द रूढ झाला. ‘सिन्ताक’ म्हणजे विश्वासाने सोपवणे आणि ‘तोंगची’ म्हणजे राज्य चालवणे. पस्तीस वर्षांच्या जपानी अमलातून नुकत्याच सुटलेल्या लोकांना त्यातली ‘तोंगची’च आधी बोचली, यात नवल नाही. त्यातच ‘दोंगा इल्बो’ या कोरियन वृत्तपत्राने २७ डिसेंबरला सोव्हिएत संघ ट्रस्टीशिप मागतो आणि अमेरिका तत्काळ स्वातंत्र्य, अशी वस्तुस्थितीच्या उलट बातमी छापली. वास्तविक ही कल्पना अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची होती. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत त्यांनी सोव्हिएत नेते स्टालिन यांच्याजवळ वीस ते तीस वर्षांचा काळ बोलून दाखवला होता आणि तो जितका कमी तितके बरे, असे स्टालिन यांचे उत्तर होते. किम गू आणि सिंगमन री या उजव्या राष्ट्रवादी नेत्यांनी उचलून धरलेला विरोध ‘बानताक’, म्हणजे ‘सिन्ताक’ला विरोध, या नावाने पेटला. कोरियातील साम्यवादीही आरंभी विरोधातच होते; जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी मॉस्को कराराला पाठिंबा दिला, आणि त्या बाजूने ओपेकासाठी ‘हुग्योन’, म्हणजे पालकत्व, हा सौम्य शब्द पुढे आला.

म्हणून सर्वसाधारण लेखनात मी ‘विश्वस्त राजवट’ सुचवतो. नुसती ‘विश्वस्तता’ अपुरी पडते, कारण गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीमुळे मराठी वाचकाच्या मनात तिला एक नैतिक अर्थ चिकटलेला आहे आणि त्यात ‘तोंगची’तली सत्ता हरवते. ‘पालकत्व’ केवळ सोव्हिएत किंवा साम्यवादी बाजूचे म्हणणे सांगताना वापरावे. ‘संरक्षण’ किंवा ‘संरक्षित राज्य’ हे शब्द मात्र येथे कटाक्षाने टाळावेत. १९०५ च्या तहाने जपानने कोरियाला संरक्षित राज्य केले आणि १९१० मध्ये तो देश गिळला, त्या प्रकरणासाठीच ते राखून ठेवलेले बरे.

‘बानताक’चे भाषांतरही ‘विश्वस्त राजवटविरोधी चळवळ’ असेच करावे, ‘पालकत्वविरोधी’ असे नव्हे. १९४६ मध्ये सोलच्या दोक्सू राजवाड्यात संयुक्त आयोगाची बोलणी अडली ती याच चळवळीतल्या पक्षांशी विचारविनिमय करावा की नाही या प्रश्नावर, आणि ते पक्ष ज्याला विरोध करत होते त्याला ‘सिन्ताक तोंगची’च म्हणत होते.