वाचकांचे प्रश्न: पाकिटावर ‘सेंद्रिय’, आत काय?

दुकानात ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’, ‘ऑरगॅनिक’ अशी तऱ्हेतऱ्हेची पाकिटं असतात. खात्री कशी करायची? आठवडी बाजारातला शेतकरी तर नुसतं तोंडी सांगतो.

‘नॅचरल’ आणि ‘केमिकल-फ्री’ हे शब्द म्हणजे सेंद्रिय असल्याचा पुरावा नव्हे. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक शोधा. त्यामागे दोनपैकी एक प्रमाणपत्र असतं. एनपीओपीमध्ये (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) बाहेरची मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करते, तर पीजीएसमध्ये (सहभागी हमी पद्धत) गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. पीजीएस दुय्यम, असं समजू नका. लहान शेतकऱ्याला तेच परवडतं. मात्र ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ लिहिलेलं असेल, तर शेत अजून रासायनिकाकडून सेंद्रियकडे वळण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या काळात आहे असा अर्थ. हंगामी पिकांना या काळासाठी साधारण 2 वर्षं लागतात. असा माल घ्यायला हरकत नाही, फक्त पूर्ण सेंद्रियाचा भाव देऊ नका.

थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे बाजारातल्या शेतकऱ्याकडे कागद नसला, तरी तो खोटं बोलतोय असं होत नाही. त्याला नेमकं विचारा: खत कोणतं, किडीला काय फवारता, तणाचं काय करता, शेजारच्या शेतातली फवारणी कशी अडवता? ज्यानं खरंच केलंय, तो तणाच्या प्रश्नावर खुरपणीच्या मजुरीचं रडगाणं सुरू करतो. आणि बारा महिने सगळ्या भाज्या एकाच ‘शेतातून’ येत असतील, तर माल मार्केट यार्डातून आला असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ ना?

नाही. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरने (रंग उडवणारं गंधकयुक्त रसायन) उजळलेला असतो, हे खरं. तो रंग टिकत नाही, ठेवल्यावर ढेप हळूहळू काळवंडते. पण गडद रंग रस करपल्याने, उसाच्या जातीमुळे किंवा खारवट जमिनीमुळेही येतो. गुळात सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 70 भाग) जास्त नसावा, असा नियम आहे. घरी ते मोजता येत नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर गूळ विरघळवून तळाशी पांढरा गाळ बसला, तर खडूची भेसळ असू शकते. घरच्या घरी कळतं ते एवढंच.

मुख्य घोटाळा वेगळाच आहे. काहिलीत भेंडीचा रस घालून मळी काढली, हायड्रॉस टाळलं, की गुऱ्हाळवाला ‘केमिकल-फ्री’ म्हणतो. ते गाळपापुरतं खरं असतं. ऊस मात्र युरियावर आणि तणनाशकावर वाढलेला असू शकतो. म्हणून ‘ऊस सेंद्रिय आहे का?’ हा प्रश्न वेगळा विचारा.

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल?

इथेही तेच. घाणा लाकडी, म्हणून दाणे सेंद्रिय होत नाहीत. भावावरून मात्र बरंच कळतं. साधारण अडीच किलो दाण्यांतून किलोभर तेल निघतं. दाणे समजा 120 रुपये किलो असतील, तर नुसते दाणेच 300 रुपयांचे झाले. पेंड विकून थोडं सुटतं, पण मजुरी आणि बाटली त्यातच जाते. मग तेल 200 रुपये किलोने कसं परवडेल? दुकानदारालाच हा हिशोब मांडायला सांगा.

सेंद्रिय तूरडाळीला महिन्याभरात कीड लागली. फसवणूक झाली का?

तसं नाही. गोदामातल्या साध्या डाळीला विषारी धुरी दिलेली असते, सेंद्रियला ती चालत नाही. अंडी डाळीसोबतच घरी येतात. किलोभराची हवाबंद पिशवी डीप फ्रीझरमध्ये (उणे 18 अंश) 4 दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर डाळीवर पाणी सुटतं आणि बुरशी धरते. फ्रीझर नसेल, तर किलोला 5 मिली एरंडेल चोळा आणि वापरण्याआधी कोमट पाण्यात धुवा. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर धान्याच्या डब्यात अजिबात नको. ती घालायची असेल, तर सेंद्रियसाठी जास्तीचे पैसे मोजलेच कशाला?