गंगा कोठीच्या छताला भोकं कशासाठी?

प्रश्न : मुलांना पन्हाळ्यावरच्या अंबारखान्यातली गंगा कोठी दाखवायला नेलं होतं. छताला जागोजागी भोकं आहेत. मुलं म्हणाली, उजेडासाठी असतील. पण मग पन्हाळ्याच्या पावसात धान्य भिजत नसेल का?
– एक शिक्षिका, कसबा बावडा

उत्तर : बाई, मुलांना पुन्हा न्या, आणि आत शिरण्याआधी कोठीच्या पूर्व-पश्चिम अंगाचे जिने दाखवा. हे जिने थेट छतावर जातात. धान्य पाठीवर घेऊन इथूनच वर चढवायचं आणि त्या भोकांतून खाली ओतायचं. कोठी साधारण ३५ फूट उंच. दारातून पोती आत नेऊन थप्पी लावायची म्हटलं, तर माणसाचा हात कितीसा पुरणार? वरून ओतलं की धान्य आपल्या वजनानंच पसरत जातं.

आत १६ खण आहेत. प्रत्येक खणावर बसका घुमट आणि प्रत्येक घुमटाला स्वतंत्र तोंड. गंगेत २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. म्हणजे एकेका खणाच्या वाट्याला दीड हजार खंडीच्या वर. वीस मणांची खंडी धरून मुलांनाच हिशेब करू द्या, आकडा ऐकून तीच गप्प होतील.

पावसाचं म्हणाल, तर वरी, नागली, भात यांची सुगी दिवाळीच्या आगेमागे. मळणी होऊन धान्य गडावर चढेपर्यंत आभाळ कोरडं झालेलं असतं. भरणं झालं की तोंडं बंद केली, काम झालं. उजेडाची त्या धान्याला गरजच नव्हती.

बांधणी विजापुरी वळणाची आहे. पूर्वेच्या दारावरच्या सज्जाजवळ थांबून गिलाव्यातलं नक्षीकाम नीट बघा. धान्याच्या कोठारालाही त्या कारागिरांनी महालासारखं सजवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा महाराज मार्चपासून जुलैपर्यंत गडावर होते. एवढे महिने शिबंदी पोसायची ती अशा कोठारांच्या जिवावर. पन्हाळा म्हटलं की आपण तटबंदी आणि तीन दरवाजा दाखवतो, पण तट लढवणाऱ्याला रोज दोन वेळा भाकरी लागते, हेही मुलांना सांगा. आणि गंगा बघून लगेच गाडीत बसू नका. यमुना, सरस्वती या कोठ्या शेजारीच आहेत.