वडिलांचा रोलवाला कॅमेरा क्रूझवर न्यावा की नवा डिजिटल घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही धुळ्याचे. दिवाळीनंतर आई-वडिलांना घेऊन मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझला निघालात, सगळ्यांचीच जहाजाची पहिली वेळ. कपाटात वडिलांचा पेंटॅक्स के १००० वीस वर्षं पडून आहे. शालक म्हणतो पन्नास हजारांचा डिजिटल घेऊन टाका, आणि तुमचा जीव रोलच्या कॅमेऱ्यात अडकलाय.

माझं मत: डिजिटल न्या. के १००० पण न्या, पण तो तुमच्या गळ्यात नको, वडिलांच्या गळ्यात घाला. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आमचा पाचोऱ्याला फोटो स्टुडिओ. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७८ साली टाकला. ब्लॅक अँड व्हाइट आम्ही घरीच धुवायचो, त्यामुळे हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास मला शाळेच्या दप्तरालासुद्धा येतोय असं वाटायचं. रंगीत रोल बाहेर लॅबला जायचे. लग्नसराईत एका तिथीला वीस-वीस रोल भरलेत मी, तेही मांडवात, अक्षता पडत असताना. तर असा मी माणूस, आणि तरी पुढचं घडलं.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी, बायको आणि नाना अशाच चार रात्रींच्या क्रूझवर गेलो. नानांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. एक डिजिटल मित्राकडून मागून आणला होता, तो लग्नाच्या ऑर्डरी करतो. दुसरा स्टुडिओतला के १०००. केबिनमध्ये नाना म्हणाले, दे, रोल मी भरतो. मी म्हटलं, राहू द्या नाना, तुमचे हात थरथरतात. असं बोलायला नको होतं.

रोल मीच भरला. दोन दिवस हौसेने पुरवून पुरवून फोटो काढले. रेलिंगला टेकलेले नाना, एका हाताने टोपी धरलेली, मागे गोव्याचा किनारा. बायको चहाचा कप घेऊन सकाळच्या उन्हात. काउंटर छत्तीसवर आला तरी फिल्म पुढे ओढायचा लिव्हर मऊच. खरं तर तिथे रोल संपून लिव्हर अडायला हवा. मी आणखी दोन-तीन काढले आणि खूश झालो, की कंपनीने माल जरा सढळ हाताने भरलाय!

घरी येऊन रोल मुंबईच्या एका लॅबला कुरिअर केला. आठ दिवसांनी फोन आला: काका, रोल कोरा आहे. कडेचे नंबर आलेत, फोटो एकही नाही.

कडेचे नंबर आले म्हणजे धुलाईत काही चूक नाही. ते नंबर आणि कंपनीचं नाव कारखान्यातच फिल्मवर उमटवलेलं असतं, धुतलं की दिसतं. फोटो नाहीत याचा अर्थ फिल्म जागची हललीच नव्हती. रोलची जीभ मी आतल्या रिळाच्या खाचेत नीट अडकवली नव्हती, ती पहिल्याच झटक्याला निसटली. दोन दिवस मी रिकामा लिव्हर ओढत होतो. शटर वाजत होतं, काउंटर पुढे जात होता, आणि फिल्म डबीत निवांत झोपलेली.

नानांना सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसतं विचारलं, ‘चाक फिरस का नही, देखं व्हतं का?’

हे चाक म्हणजे के १००० च्या वरच्या अंगाला डावीकडे रोल गुंडाळायची जी छोटी दांडी असते ते. रोल भरला, मागचं दार लावलं की दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून सैल फिल्म ताणून घ्यायची. मग प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना ती दांडी आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरली, म्हणजे फिल्म पुढे सरकतेय. मी लग्नात शेकडो वेळा हे बघितलं असेल. वीस वर्षांत हाताची सवय गेली, आणि गेली हे मला कळलंही नाही.

त्या ट्रिपचे नानांचे जे फोटो आज भिंतीवर आहेत ते सगळे डिजिटलवरचे. म्हणून आधी डिजिटल म्हणतो.

दुसरं कारण उजेडाचं. चाळीसगावला स्टेशनसमोर केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय आहे. गेला नसाल तर क्रूझच्या आधी तिथे जाऊन या. हा माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास पडला नाही आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्याने जगाने वाखाणलेले फोटो काढले. नाना म्हणायचे, मूस साहेबांच्या खोलीत उजेड त्यांच्या हुकमात होता. जहाजावर उलटं. डेकवर डोळे दिपवणारं ऊन, पांढरा रंग, पाण्याची चमक. आणि दार उघडून आत गेलात की जेवणाच्या हॉलमध्ये पिवळसर दिवे, नाटक-गाण्याच्या थिएटरात अंधार. डिजिटलवर तुम्ही आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, दोनशेवरून बत्तीसशेवर एका बोटाने जाता. रोल दोनशेचा घातला की छत्तीस फोटो होईपर्यंत तो दोनशेचाच. आतमध्ये तो जवळजवळ निरुपयोगी, आणि ट्रायपॉडचा उपयोग नाही कारण खालून इंजिनाची थरथर सतत चालू असते. आई-वडिलांचा केक कापतानाचा, नाचतानाचा फोटो हवा असेल (आणि तो हवाच असतो) तर डिजिटलला पर्याय नाही.

मग रोल न्यायचाच कशाला? डेकवरच्या सकाळसाठी. निगेटिव्हचा एक गुण असा की तिला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही. डिजिटलचं बरोबर उलट: कमी उजेडातला फोटो नंतर उजळून घेता येतो, पण पांढरा शर्ट एकदा जळाला, म्हणजे नुसता कोरा पांढरा आला, की जळाला. वडिलांचं धोतर किंवा पांढरी टोपी, मागे चमकणारं पाणी, अशा ठिकाणी रंगीत निगेटिव्ह जी माया दाखवते ती मला डिजिटलवर फार खटपट केल्याशिवाय मिळत नाही. चेहऱ्याचा रंगही तसाच. हे माझं मत आहे, वाद घालायला येऊ नका.

मीटरच्या, म्हणजे उजेड मोजणाऱ्या काट्याच्या, भानगडीत एकच गोष्ट: समोर समुद्र आणि पांढरं डेक असलं की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, त्याला वाटतं फार उजेड आहे, आणि माणूस काळा येतो. के १००० वर मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, द्या. मीटर बंद पडला असेल तर जुना हिशेब: कडक ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६ वर आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओइतका. म्हणजे दोनशेच्या रोलला १/२५०. या कॅमेऱ्याचं शटर बिनसेलचं चालतं, सेल फक्त मीटरला लागतो. आणि मीटरला बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर टोपण लावलं की अंधारात तो सेल खात नाही. वडिलांना विचारा, त्यांना हे माहीत असणार. वीस वर्षं टोपणाशिवाय पडला असेल तर सेल केव्हाच मेला असेल. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर ती पुसून मगच नवा सेल टाका.

आता आज काय करायचं ते. मागचं दार उघडा आणि कडेच्या खाचांतला काळा स्पंज बोटाने दाबून बघा. तो डांबरासारखा चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो आणि फोटोवर केशरी पट्टे येतात. दुरुस्तीवाला तासाभरात बदलून देतो. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्या खानदेशच्या कोरड्या हवेत ती कोकणाइतकी लागत नाही, पण चामड्याच्या केसमध्ये पावसाळे काढलेत म्हणजे खात्री नाही. मग एक रोल भरून धुळ्यातच संपवा. एकवीरेला जाल तेव्हा, लळिंगला चढाल तेव्हा. आणि लगेच धुवायला पाठवा, कारण आमच्या पाचोऱ्यात तरी रंगीत रोल धुणारं आता कोणी उरलेलं नाही, मुंबई-पुण्याला कुरिअर करावं लागतं आणि दिवाळीत ते लोकही सुट्टीवर असतात. चाचणीचा रोल हातात नीट आला तरच कॅमेरा जहाजावर चढवा. नाही आला तर वडिलांना वाईट वाटेल, पण घरी वाटलेलं परवडतं.

खर्चाचं विचाराल तर रोल, धुलाई, स्कॅन आणि दोन्हीकडचं कुरिअर मिळून मला मागच्या वेळी एका रोलमागे दोन हजारांच्या आसपास पडले. म्हणजे एका क्लिकला पंचावन्न रुपये. दोन रोल पुरे. त्यापेक्षा जास्त नेलेत तर आई तुम्हाला सुनावेल.

धुळ्याहून गाडीनेच जाणार असाल तर रोल डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत रंगांचा बट्ट्याबोळ होतो. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर विमानतळासारखीच सामानाची तपासणी असते. रोल एका पारदर्शक पिशवीत वेगळे हातात ठेवा, मोठ्या बॅगेत अजिबात नको, आणि मशीनमध्ये न टाकता हाताने बघा अशी नम्र विनंती करा. जुन्या साध्या एक्स-रेमधून दोनशे-चारशेचा रोल एक-दोनदा गेला तर सहसा काही होत नाही, पण नवीन सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात, आणि कुठलं मशीन आहे हे आपल्याला बाहेरून कळत नाही. काढून झालेला रोलही तितकाच जपायचा. डिजिटलच्या कार्डाला यातलं काही होत नाही. जहाज निघताना आजूबाजूला नौदलाची जहाजं दिसतील. मोह होतो, तिकडे कॅमेरा वळवू नका.

जहाज दक्षिणेला जाताना सूर्यास्त उजव्या अंगाला आणि किनारा डाव्या अंगाला. येताना उलट. संध्याकाळी पाच वाजता सगळे लोक वरच्या डेकवर चुकीच्या बाजूला खुर्च्या धरून बसलेले मी बघितलेत.

एसी केबिनमधून गार कॅमेरा थेट डेकवर नेला की लेन्सवर वाफ धरते, दोन्ही कॅमेऱ्यांना. पहिल्या सकाळी सूर्य उगवत होता आणि मी सदऱ्याच्या टोकाने काच पुसत होतो. पुसली की परत धरायची. केबिनमधून निघायच्या आधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करा आणि बाहेर वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहू द्या. वाफ पिशवीला धरते, काचेला नाही. रात्री खोलीत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेरा पुसा, मग कोरड्याने. खारं वारं दिसत नाही पण स्क्रूंना गंज चढवतं. याच कारणाने डिजिटल घेताना लेन्स बदलायची गरज पडणार नाही असा घ्या, अठरा ते एकशेपस्तीस मिलीमीटरसारख्या, जवळचं-लांबचं दोन्ही घेणाऱ्या एकाच लेन्सचा. डेकवर लेन्स काढली की सेन्सरवर मीठ बसतं. पन्नास हजार घालण्याआधी एखाद्या लग्नवाल्या मित्राला विचारा, तो चार दिवसांसाठी देईल. फक्त लग्नाची तिथी नसली पाहिजे. आणि लक्षद्वीपच्या पाण्यात उतरणार असाल तर दोन्ही कॅमेरे जहाजावर ठेवा, मोबाईलला गळ्यातली प्लास्टिकची थैली घ्या.

आता वडिलांच्या गळ्यात का, ते. नानांनी त्या ट्रिपला एकही फोटो काढला नाही. मी सगळे त्यांचे काढत राहिलो. चौथ्या दिवशी ते डेकवर एका पोराला, कुणाचा तरी नातू असेल, बोटांची चौकट करून त्यातून समुद्र दाखवत होते. तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तुमच्या वडिलांना दुपारी केबिनमध्ये बसून रोल भरू द्या. वेळ लागेल, बोटं चुकतील, एखादा इंच फिल्म वाया जाईल, जाऊ द्या. ते लिव्हर ओढतील तेव्हा तुम्ही फक्त डावीकडची दांडी फिरतेय ना, एवढं बघा.