रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’ कसं वाचायचं

ताई, स्क्लेरोडर्मात (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार) नुसतं एएनए (आपल्याच पेशींवर उठणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह बघून धीर सोडू नका. खाली कोणती अँटीबॉडी लिहिलीय ते बघा. एससीएल-७० असेल तर दम लागत नसला तरी छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन) आणि पीएफटी (फुफ्फुसांची क्षमता मोजणारी फुंकायची चाचणी) लवकर करून घ्या. तिचा रोख फुफ्फुसांवर असतो. सेंट्रोमियर अँटीबॉडी असेल तर दरवर्षी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). आरएनए पॉलिमरेज ३ असेल तर घरात बीपीचं मशीन हवंच. माझी वही फ्रिजवरच असते, चहाआधी आकडा लिहिते. बीपी अचानक चढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किडनी धोक्यात असू शकते.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती दोन ठिकाणी:
- तीच अँटीबॉडी दर तीन महिन्यांनी तपासणं. आकडा हलला म्हणून सहसा उपचार बदलत नाहीत.
- मनानेच स्टिरॉइड घेणं. जास्त डोस किडनीवर उलटू शकतो.