वाचकांचे प्रश्न : अंडाशयाच्या कॅन्सरचा रिपोर्ट पुढचं किती सांगतो?

या अंकात अंडाशयाच्या कॅन्सरबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. बहुतेक पत्रं रुग्णाच्या मुलांनी, सुनांनी, बहिणींनी लिहिलेली आहेत आणि बहुतेकांसोबत रिपोर्टची प्रत आहे.

आईच्या बायोप्सीत ‘हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा’ आलं. खाली पॅक्स८ पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह, पी५३ म्युटंट पॅटर्न, केआय-६७ सत्तर टक्के असं लिहिलंय. इंटरनेटवर वाचलं तर पी५३ बिघडलेला असणं वाईट आणि सत्तर टक्केही वाईट. आई किती दिवस काढील, हे यावरून कळतं का? — एक वाचक, फोंडा

नाही, यावरून ते कळत नाही. ‘हाय ग्रेड सिरस’ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. त्याखालच्या चारही ओळी म्हणजे पेशींतली प्रथिनं रंग टाकून शोधल्याचे निकाल; त्या मुख्यतः रोग कोणता, हे पक्कं करण्यासाठी असतात. पॅक्स८ आणि डब्ल्यूटी१ उमटले की गाठ अंडाशय-गर्भनलिकेच्या बाजूचीच आहे, आतड्यातून किंवा स्तनातून तिथे पोचलेली नाही, याला आधार मिळतो.

पी५३ ने घाबरून जाऊ नका. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अॅटलास प्रकल्पात या प्रकारच्या गाठी तपासल्या गेल्या. २०११ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार ९६ टक्के गाठींत टीपी५३ हे, पी५३ प्रथिन बनवणारं जनुक बिघडलेलं होतं. जी खूण जवळपास प्रत्येकीत सापडते, तिच्यावरून कोणाचं बरं चालेल आणि कोणाचं नाही, हे निवडता येत नाही. आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘पी५३ निगेटिव्ह’ वाचून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. प्रत्यक्षात पेशींच्या केंद्रात रंग अजिबात न उमटणं हीसुद्धा जनुक बिघडल्याचीच खूण असू शकते. जवळपास सगळ्या केंद्रांत गडद रंग किंवा कुठेच रंग नाही, हे दोन्ही नमुने बिघाडाचे. कुठे फिकट, कुठे गडद असा विखुरलेला रंग असेल तर जनुक सहसा शाबूत असतं. केआय-६७ म्हणजे वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण; ते या प्रकारात जास्तच येतं, त्यामुळे सत्तर टक्क्यांतून वेगळं काही हाती लागत नाही.

पुढचा अंदाज बांधायला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. रोग कोणत्या टप्प्यात आहे? ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसणारा रोग पोटात उरला का? गाठीत ब्राका (डीएनए दुरुस्त करणारी जनुकं) किंवा एचआरडीचा (ही दुरुस्ती बंद पडण्याचा) दोष आहे का? यांतला दुसरा प्रश्न सगळ्यांत वजनदार आहे. ऑपरेशनच्या कागदावर ‘आर झीरो’ म्हणजे दिसणारं काहीही उरलं नाही. रेणूंच्या चाचण्या कितीही पुढे गेल्या तरी सर्जनच्या हातून किती निघालं, याला अजून पर्याय आलेला नाही.

केमोच्या आधी वहिनीचा सीए-१२५ १,२४० होता. तीन आठवड्यांनी ४१०, आणखी तीन आठवड्यांनी ११८. आता तो ३५ च्या खाली आला म्हणजे झालं का? आणि नंतर दर महिन्याला करावा का? — वाचक, म्हापसा

सीए-१२५ हा रक्तात मोजला जाणारा रेणू, यातल्या बहुतेक गाठी तो सोडतात; ३५ ही रिपोर्टमधली त्याची नेहमीची वरची मर्यादा. सुरुवातीचा आकडा किती मोठा होता, यापेक्षा तो किती वेगाने उतरतो यात जास्त माहिती असते. वहिनींचं गणित मांडून पाहू. १,२४० वरून ४१० व्हायला २१ दिवस लागले, म्हणजे साधारण दर तेरा दिवसांनी आकडा निम्मा होत गेला. ४१० वरून ११८ होताना तो दर बारा दिवसांच्या आतबाहेर निम्मा झाला. उतार टिकून आहे, किंचित वाढलाही आहे.

हाच उतार मोजायची पद्धत फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी बसवली आहे. तिला केलिम म्हणतात. पहिल्या केमोपासूनच्या १०० दिवसांतले किमान तीन सीए-१२५ आणि त्यांच्या तारखा घातल्या की गणकयंत्र एक आकडा देतं. तो १ किंवा जास्त असेल तर गाठ केमोला चांगली दाद देतेय, १ च्या खाली असेल तर दाद कमी. हे गणकयंत्र इंटरनेटवर मोफत आहे, पण आकडा डॉक्टरांसमोर बसूनच काढा. ऑपरेशनचं नियोजन आणि देखभालीची (केमोनंतर रोग दाबून ठेवणारी) औषधं यांच्यासोबत वाचला तरच त्याला अर्थ आहे.

गणित कुठे फसतं? एक आकडा म्हापशाच्या लॅबचा आणि दुसरा बांबोळीचा असेल तर पद्धत बदलते, आणि थोडा फरक यंत्राचाच असू शकतो. एकच लॅब धरा. ऑपरेशननंतर लगेच घेतलेला आकडा या हिशेबात धरू नका, कारण पोटाचं आतलं अस्तर दुखावलं तरी सीए-१२५ वाढतो. एंडोमेट्रिऑसिस, पोटाचा टीबी, लिव्हर सिरॉसिस, पोटात पाणी होणं, अगदी पाळीचे दिवस, यांतही तो वर जातो. उलट काही गाठी हा रेणू सोडतच नाहीत, आणि तिथे आकडा सुरुवातीपासून साधाच राहतो.

दर महिन्याच्या चाचणीबद्दल स्पष्ट सांगतो. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, केमोने रोग शमलेल्या ५२९ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटात सीए-१२५ वाढताच उपचार सुरू झाले, दुसऱ्यात लक्षणं दिसल्यावर. आयुष्य वाढलं नाही: मध्यक आयुष्य (निम्म्या स्त्रिया याहून जास्त जगल्या) अनुक्रमे २५.७ आणि २७.१ महिने. लवकर केमो घेणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा दर्जा मात्र लवकर खालावला. तेव्हा आजची नवी औषधं नव्हती, हे खरं. तरी लक्षण नसताना दर महिन्याला रक्त देऊन रिपोर्ट येईपर्यंत झोप घालवणं, हे डॉक्टरांशी बोलून मगच ठरवा.

मावशीचा रक्तातला ब्राका रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता डॉक्टर गाठीची एचआरडी चाचणी सांगतायत. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा खर्च कशाला? — वाचक, साखळी

दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. रक्तातली चाचणी जन्मापासून आलेला दोष शोधते. पण ब्राकाचा दोष फक्त गाठीतच, नंतरही तयार होतो. शिवाय ब्राका धड असूनही पेशीची डीएनए दुरुस्त करण्याची मुख्य यंत्रणा बंद पडलेली असू शकते. हाय ग्रेड सिरस गाठींपैकी निम्म्यांच्या आसपास गाठींत हा बिघाड असतो, आणि एचआरडी चाचणी तोच पाहते.

ती पाहते कशी, हे कळलं तर रिपोर्ट वाचणं सोपं जातं. दुरुस्ती बंद पडली की गुणसूत्रांवर तुटण्याजोडण्याचे व्रण राहतात. चाचणी तीन प्रकारचे व्रण मोजून बेरीज करते. मायचॉइस या चाचणीत ४२ किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. दुसऱ्या कंपनीच्या चाचणीची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे आकडा नेहमी त्याच रिपोर्टमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. इथे एक मर्म आहे. साखळीत वाळवंटीचा पूर ओसरला तरी भिंतीवर पाण्याची रेघ राहते. व्रणांचंही तसंच असतं. पुढे पेशीने दुरुस्ती परत मिळवली तरी बेरीज तेवढीच दिसते. म्हणून पॉझिटिव्ह गाठही कधीकधी औषधाला दाद देत नाही.

खर्चाचं समर्थन उपचारात आहे. ब्राका दोष असलेल्या आणि प्लॅटिनमच्या केमोला दाद दिलेल्या ३९१ स्त्रियांवर सोलो-१ हा अभ्यास झाला. ओलापरिब ही पार्प इनहिबिटर गटातली गोळी घेतलेल्यांपैकी सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के. ब्राका दोष नसलेल्या पण एचआरडी पॉझिटिव्ह स्त्रियांनाही या गटातल्या औषधांचा फायदा होतो. बिघाड नसेल तर फायदा बराच उतरतो, आणि वर्ष-दोन वर्षं गोळ्या घ्यायच्या की नाही, हा प्रश्न नव्याने मांडावा लागतो. म्हणजे ही खूण आयुष्याचा अंदाज देते, आणि त्याहून जास्त ती औषध निवडायला लागते. नमुना पाठवण्याआधी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत किंवा तुमच्या विम्यात ही चाचणी बसते का, हे हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारून घ्या.

एचआरडी चाचणीसाठी बाहेरगावी पाठवलेला गाठीचा नमुना ‘अपुरा’ म्हणून परत आला. पुन्हा बायोप्सी करावी लागेल का? — वाचक, मडगाव

बहुतेकदा नाही. आधी जुने ब्लॉक शोधा. गाठीचे तुकडे मेणात बसवलेले असतात, तो ब्लॉक. एका ऑपरेशनचे दहा-पंधरा ब्लॉक असतात आणि पाठवलेला त्यांतला सगळ्यांत गरीब असू शकतो. पॅथॉलॉजिस्टना विचारा : कॅन्सरपेशी किमान वीस-तीस टक्के असलेला ब्लॉक कोणता? केमोनंतर ऑपरेशन झालं असेल तर ओमेंटमच्या (पोटातल्या चरबीच्या पडद्याच्या) तुकड्यात कित्येकदा नुसता व्रण आणि चरबी उरते. अशा वेळी केमोच्या आधीची सुईने घेतलेली बायोप्सी किंवा पोटातल्या पाण्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशी गोळा करून मेणात बसवलेला) जास्त कामाचा.

नमुना बिघडतो तो पहिल्या दिवशीच. गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. द्रव तुकड्याच्या दहापट हवा. फॉर्मॅलिन हळू मुरतं, म्हणून मोठी गाठ अखंड टाकली तर बाहेरून पक्की होते आणि आत सडते, ती कापून उघडावी लागते. मुरण्याचा काळ ६ ते ७२ तास. शनिवारी ऑपरेशन झालं आणि सोमवारी-मंगळवारी सुट्टी लागली की तुकडा जास्त वेळ पडून राहतो, डीएनए तुटतो आणि नसलेले बदलही दिसायला लागतात. सलाईनमध्ये टाकलेला तुकडा तर या चाचणीला जवळपास गेलाच. ऑपरेशनच्या आधी सर्जनना एवढंच सांगा, ‘गाठीवर जनुकांची चाचणी करायचीय.’ पुढचं त्यांना कळतं.

ब्लॉक न्यायला अर्ज लागतो, त्यावर ब्लॉक नंबर आणि बायोप्सी नंबर लिहा, पोच घ्या. एप्रिल-मेमध्ये ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. काम झालं की ब्लॉक परत मागवायला विसरू नका, पुढच्या उपचाराला तोच लागेल.

बहिणीला हा रोग झाला, तिच्यात ब्राका१ चा दोष निघाला. मी ३८ वर्षांची, मला काही त्रास नाही. वर्षातून एकदा सीए-१२५ केला तर पुरे का? — वाचक, काणकोण

पुरत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर झालेल्या तपासणीत सीए-१२५ आणि सोनोग्राफीने या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. तो निष्कर्ष २०२१ मध्ये आला.

तुम्ही बहिणीच्या रिपोर्टची प्रत घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे किंवा स्त्रीरोग-कॅन्सर तज्ज्ञांकडे जा. सगळी जनुकं तपासायची गरज सहसा नसते. बहिणीत सापडलेला नेमका बदल तुमच्यात आहे का, एवढंच पाहायचं, आणि त्याला खर्चही कमी लागतो. ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत तीन ते पाच मिली रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. बहिणीतला तो बदल तुमच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. आढळला तर ब्राका१ मध्ये मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० या वयात नलिका आणि अंडाशय काढून घ्यायचा सल्ला देतात, ब्राका२ मध्ये ४० ते ४५. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं आलं तर त्यावरून अंडाशय काढू नका. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून भावांनाही चाचणीबद्दल सांगा, दुबईत असोत वा लिस्बनमध्ये. त्यांच्या मुलींना ती माहिती लागेल.