वर्ष भरलेलं, मग रितं का वाटतं?

वर्ष संपत आलं की माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच. शब्द वेगळे असतात, गाभा तोच: "तक्रार करावी असं काही घडलं नाही. उलट चांगलंच घडलं. मग मला बरं का वाटत नाही?" हे विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो, जणू एखादी चूक कबूल करताहेत. असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची आणि त्यांच्या पतींची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई 56 वर्षांच्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सव्वासातला आल्या. वर्षभरातले निवडक फोटो एकत्र करून घरच्यांसाठी एक अल्बम करावा, असं त्यांच्या मनात होतं. फोनमध्ये चार हजारांवर फोटो. तीन संध्याकाळी त्या ते निवडायला बसल्या आणि तिन्ही संध्याकाळी एकही फोटो न निवडता उठल्या. तिसऱ्या दिवशी रडू आलं आणि थांबेना. "मॅडम, इतकं सगळं मिळालं या वर्षी. मी कृतघ्न आहे का हो?"

मी वर्षाबद्दल विचारलं, तर त्यांनी अहवाल वाचावा तसं सांगायला घेतलं. फेब्रुवारीत मुलाचं लग्न झालं, सून घरात आली. जूनमध्ये 31 वर्षांची हिशेब खात्यातली नोकरी स्वेच्छेने सोडली. जुलैत मुलगी शिकायला परदेशी गेली. ऑगस्टपासून मुलांना गणित शिकवायला लागल्या, ती त्यांची फार जुनी इच्छा. आणि मधूनमधून सहा प्रवास: समुद्र, डोंगर, एक जंगल, पूर्वी फक्त नकाशात पाहिलेली दोन शहरं, आणि शेवटी मुलीकडे.

या सगळ्यात एक वाक्य पटकन येऊन गेलं: "मार्चमध्ये सासूबाई गेल्या, वय झालंच होतं, आणि एप्रिलमध्ये आम्ही समुद्रावर गेलो." दोन्ही गोष्टी एकाच श्वासात. बोलणारा माणूस जिथे घाई करतो ती जागा मी मनात नोंदवून ठेवते, लगेच तिथे बोट ठेवत नाही. त्या दिवशी मला ते ठेवावंही लागलं नाही.

आठ वाजता त्यांच्या फोनचा गजर वाजला. त्यांनी न बघताच तो बंद केला आणि म्हणाल्या, "काही नाही, औषधाचा आहे."

"तुम्हाला औषध घ्यायचंय? पाणी देऊ?"

"नाही, माझं नाही. सासूबाईंचं."

हे बोलून त्या स्वतःच दचकल्या. नऊ महिने झाले होते. गजर रोज वाजत होता, त्या रोज तो बंद करत होत्या. समुद्रावर वाजला, डोंगरात वाजला, विमानतळावरच्या रांगेत वाजला. पुसून का टाकला नाही, असं मी विचारलं. बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वेळच झाला नाही." दोन बोटांचं काम होतं ते. त्यांनाही ते कळलं, आणि मग त्या नीट रडल्या.

त्यानंतरचा अर्धा तास मला आजही आठवतो. अकरा वर्षं त्यांनी सासूबाईंचं केलं होतं, त्यातली शेवटची चार अंथरुणावरची. दोघींचं फार गूळपीठ होतं असं नाही. सासूबाई बोलायला तिखट, बाई मनात ठेवणाऱ्या. पण रात्री कूस बदलून द्यायची, तर हाक या बाईंनाच. ज्या पहाटे सासूबाई गेल्या, त्या पहाटे यांच्या मनात पहिला विचार आला तो असा: आज रात्री सलग झोपता येईल. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली, की नऊ महिन्यांत त्यांनी तो पतीलासुद्धा सांगितला नव्हता.

दीर्घ आजारातल्या माणसाची सेवा केलेल्यांकडून मी हे पुष्कळदा ऐकलं आहे. थकलेल्या शरीराला सुटल्यासारखं वाटतं. त्याच शरीराने आदल्या रात्रीपर्यंत कूस बदलून दिलेली असते, हे मात्र माणूस विसरतो आणि स्वतःला दोषी ठरवून टाकतो. सुटका आणि दुःख एकाच मनात, एकाच दिवशी राहू शकतात. मी त्यांना एवढंच म्हटलं की, "त्या रात्री तुम्ही झोपलात का?" म्हणाल्या, "नाही. दोन वाजता कूस बदलायला उठले. पलंग रिकामा होता."

हा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आधी काही गोष्टी तपासते आणि त्या प्रत्येकाने जाणून घ्याव्यात असं मला वाटतं. सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, स्वतःबद्दल नालायकपणाची भावना असेल, तर नैराश्याची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवी. जगण्याचा कंटाळा किंवा मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नये. या बाईंची झोप पहाटे मोडत होती. पण वर्गातल्या मुलांबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकत होते, भूक ठीक होती, मरणाचे विचार नव्हते. तरी मी त्यांना एकदा डॉक्टरांना भेटून यायला सांगितलं. आजार नाही असं तिथून कळल्यावरच आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना एक जुनी तालिका दाखवली. 1967 साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटना घेतल्या आणि त्या घटनेनंतर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं, यानुसार प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100. बाईंनी हिशेबनीस नजरेने आपले आकडे शोधले. जवळच्या नातलगाचा मृत्यू 63, निवृत्ती 45, कुटुंबात नवं माणूस येणं 39, कामाचं क्षेत्र बदलणं 36, मुलगा किंवा मुलगी घराबाहेर पडणं 29. बोट खाली सरकत एका ओळीवर अडलं: सुट्टी, 13.

"सुट्टीलाही गुण? सुट्टी तर आरामासाठी असते ना?"

सहा प्रवासांचे 13 एकदाच धरून त्यांची बेरीज 225 आली. या तालिकेत 150 ते 299 म्हणजे ताणाशी संबंधित आजारांचा मध्यम धोका मानतात. मी ती भविष्य सांगायला वापरत नाही. कुणाचं नातं कसं होतं, कोणता बदल त्याने स्वतः मागून घेतला होता, हे आकड्यांना कळत नाही. पण माझ्या समोरच्या माणसाला तिचा एक मोठा उपयोग होतो. चांगल्या घटनाही त्याच वहीत, त्याच खात्यात मांडल्या जातात, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. आनंदाच्या प्रसंगातही जुळवून घ्यावंच लागतं. सुनेचं येणं आनंदाचं होतं, पण त्या दिवसापासून घरात वावरण्याची पद्धत बदलली. नोकरी त्यांनी हौसेने सोडली, तरी 31 वर्षं सकाळी नऊला ज्या खुर्चीत बसायचं ती आता दुसऱ्याची झाली.

मग मी त्यांना एक कागद दिला, बारा चौकोन आखलेला. प्रत्येक चौकोनात मधोमध एक आडवी रेघ. रेघेच्या वर त्या महिन्यात काय घडलं ते लिहायचं, खाली त्या महिन्यात काय थांबलं ते. वरचा भाग त्यांनी दहा मिनिटांत भरला. खालचा भाग घरी न्यावा लागला आणि त्याला दोन आठवडे लागले.

त्यातलं थोडं सांगते. फेब्रुवारी: मुलगा खोलीचं दार उघडं ठेवून झोपायचा, ते थांबलं. जून: दुपारी दीड वाजता मैत्रिणीसोबत जिन्यात उभं राहून बोलणं थांबलं. जुलै: "आई, माझं ते कुठंय?" ही हाक थांबली. मार्चच्या चौकोनात खालची जागा पुरली नाही, अक्षरं रेघ ओलांडून वर चढली होती. तिथे इतर गोष्टींसोबत लिहिलं होतं: "माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नाही."

बदल चांगला असला तरी त्याच्या पोटात काहीतरी संपत असतं, आणि ते संपणं ओळखल्याशिवाय नव्यात जीव रमत नाही. स्थित्यंतरांविषयी लिहिणाऱ्या विल्यम ब्रिजेस यांनी तर शेवट हीच स्थित्यंतराची पहिली पायरी मानली होती. आपल्याकडून नेमकी तीच राहून जाते, विशेषतः बातमी आनंदाची असली की. मुलीला शिकायला जागा मिळाल्यावर घरात रडायचं कसं? म्हणून विमानतळावर हसून हात हलवायचा आणि परतताना गाडीत पुढच्या प्रवासाचं बोलायचं. या बाईंनी अगदी हेच केलं होतं.

फोटोंचं कोडंही इथे सुटत गेलं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तेव्हा आठवण तशी उणावली नाही. चार हजार फोटोंपुढे बाई हतबल का झाल्या, याचं सगळं उत्तर यात नाही. पण एक धागा मिळाला. मी म्हटलं, अल्बम राहू द्या, प्रत्येक प्रवासाचा एकच फोटो घ्या आणि त्याकडे पाच मिनिटं बघा. समुद्राच्या फोटोत मागे एक रिकामी चाकाची खुर्ची होती, कुणा अनोळखी माणसाची. काढताना त्यांना ती दिसलीही नव्हती. फोटो मात्र तिचाच होता, चौकटीच्या अगदी मध्यावर.

"म्हणजे आम्ही वर्षभर पळत होतो," त्या म्हणाल्या. इथे मी त्यांना थांबवलं, कारण दोष लावून घ्यायला त्यांना नवं निमित्त मिळालं होतं. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 साली शोकाविषयी जे मांडलं ते मला माझ्या कामात रोज पटतं. शोकात माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेल्याची आठवण, रडणं, पोकळी. दुसऱ्या काठावर नवी कामं, नवी भूमिका, थोडी विश्रांती, दुःखातून सुट्टीसुद्धा. दोन्ही काठ लागतात. बाईंचे प्रवास आणि मुलांचा वर्ग हा दुसरा काठ होता आणि त्यानेच त्यांना उभं ठेवलं होतं. पहिल्या काठावर जायची होडी तेवढी बांधून ठेवलेली होती.

ती सोडण्यासाठी आम्ही फार मोठं काही केलं नाही. आठचा गजर ठेवायचा ठरलं. तो वाजला की दहा मिनिटं सासूबाईंच्या खोलीत बसायचं, तिखट बोलणी आठवली तर तीही आठवू द्यायची, आणि मग उठून उद्याच्या वर्गाची तयारी करायची. सुनेशी पहिलं मोकळं बोलणं त्याच खोलीत झालं. ती दारात येऊन विचारती झाली, "मी बसू का थोडा वेळ?" तिचंही एक घर मागे राहिलं होतं, आणि तिला त्याविषयी तोवर कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या भेटीला बाईंचे पती सोबत आले. तक्रार घेऊनच आले म्हणा. त्यांनी पुढच्या प्रवासाची तिकिटं काढली होती आणि बाईंनी पहिल्यांदाच "यावेळी नको" असं म्हटलं होतं. "घरात बसून काय करायचं?" ते मला विचारत होते. त्यांच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं, की वर्षातले सहाही प्रवास यांनीच ठरवले होते. एक संपायच्या आत दुसऱ्याची तिकिटं तयार. आणि मार्चमध्ये जी गेली, ती यांची आई होती. चार भेटी मी सासूबाईंबद्दल बोलत होते, त्यांच्या मुलाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. ही माझी चूक होती आणि मी ती त्या दोघांसमोर मान्य केली.

ते काही बोलले नाहीत. बाईंनी पिशवीतून तो बारा चौकोनांचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला. फेब्रुवारी भरभर वाचला. मार्चवर थांबले. "माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नाही" या ओळीशी त्यांचा अंगठा बराच वेळ होता.

तेवढ्यात आठ वाजले. गजर सुरू झाला. बाईंचा हात फोनकडे गेला, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. वाजू दे जरा."

तो आपोआप थांबेपर्यंत आम्ही तिघंही बसून राहिलो. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, "असा कोरा कागद अजून एक आहे का तुमच्याकडे?"