कोळसाभट्टीच्या धुरापासून पिकांसाठी जैवउत्तेजक बनवता येते का?

होय, बनवता येते. जैवउत्तेजक म्हणजे खत नसूनही पिकाच्या वाढीला चालना देणारा पदार्थ. धूर थंड करून मिळणाऱ्या अशा द्रवाला जपानमध्ये मोकुसाकु म्हणतात, तर आपल्याकडे ते वुड व्हिनेगर या नावाने ओळखले जाते. छाटणीच्या फांद्या, बांबूचे तुकडे किंवा लाकूडकामातील उरलेले लाकूड कमी हवेत जाळून कोळसा पाडताना निघणारा धूर लांब नळीतून नेऊन थंड केला, की नळीच्या टोकाशी उग्र वासाचे तांबूस पाणी ठिबकू लागते. त्यात बहुतांश पाणीच असते. उरलेल्या भागात ॲसिटिक आम्ल व फिनॉलवर्गीय संयुगे असतात. धुरातील कॅरिकिन हे संयुग अनेक वनस्पतींच्या बियांना अंकुरण्याचा संकेत देते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले.

खरी मेहनत पुढे आहे. हे द्रव किमान तीन महिने न हलवता ठेवल्यास वर तेलाचा तवंग आणि तळाशी डांबर साचते. फक्त मधला, चहाच्या रंगाचा थर काढून घ्यावा. डांबर राहिले, तर पाने करपतात आणि जमिनीत घातक संयुगेही जातात, म्हणून येथे घाई मुळीच करू नये. फवारणीसाठी एक लिटर पाण्यात दोन ते तीन मिलिलिटर पुरेसे होते, तरीही आधी चार-पाच रोपांवर फवारून दोन दिवस पाने पाहावीत. याला खताचा पर्याय मानू नये. विक्री करायची असल्यास, २०२१ पासून जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली येत असल्याने, आधी कृषी विभागाकडे नियमांची चौकशी करावी.